फिडल लीफ फिगला पाणी कधी द्यायचं आणि किती

प्रश्न असा आहे: घरात फिडल लीफ फिगचं, म्हणजे मोठ्या, व्हायोलिनच्या आकाराच्या पानांच्या शोभेच्या झाडाचं, साडेचार फुटी रोप आहे. कुंडीचं तोंड ३० सेंटिमीटर, जागा खिडकीपासून दोनेक मीटर आत. दर बुधवारी आणि रविवारी न चुकता एकेक कप पाणी दिलं जातं. तरीही खालच्या पानांवर तपकिरी डाग येतात आणि दर महिन्याला एखाद-दुसरं पान गळतं. पाणी वाढवावं की कमी करावं?

एका पाळीचं पाणी वाढवा आणि दोन पाळ्यांमधलं अंतरही वाढवा. आठवड्यातून दोनदा कपभर पाणी ही या झाडासाठी सगळ्यात घातक सवय आहे, कारण ती झाडाला दोन्हीकडून मारते. वरची दोन-चार सेंटिमीटर माती कधीच सुकत नाही आणि गड्ड्याच्या (मुळं आणि त्यांना धरून असलेली माती) मध्यापर्यंत पाणी पोचतच नाही. बोट लावून बघणाऱ्याला वाटतं ओल आहे, सगळं ठीक चाललंय. प्रत्यक्षात खालची मुळं कोरडी पडून मरतात, वरची सततच्या ओलीने कुजतात.

शेतीत यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस किंवा पाणी पडून गेल्यावर जास्तीचं पाणी निथळून जातं, मातीच्या कणांना ओल धरून राहते आणि कणांमधल्या मोकळ्या जागेत हवा खेळू लागते, ती स्थिती म्हणजे वाफसा. कुंडीतल्या झाडाला हवं असतं तेही एवढंच. माती एकदा पूर्ण भिजवायची, निथळू द्यायची आणि मग ती पुरेशी सुकेपर्यंत कुंडीला हात लावायचा नाही.

हवेवर एवढा भर देण्याचं कारण आहे. मुळं श्वसन करतात. त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर ती जिवंत राहतात, वाढतात, क्षार आत घेतात आणि पाणी ओढण्याजोगी राहतात. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांपर्यंत तो जवळजवळ पोचत नाही, आणि गुदमरलेलं मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणजे पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने माना टाकतं! बघणारा दया येऊन आणखी पाणी घालतो. घरातली अनेक फिडल लीफ फिग याच एका गैरसमजामुळे जातात. त्यानंतर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे ओलीत वाढणारे रोगकारक अशक्त मुळांत शिरतात आणि कूज वरवर चढत जाते.

या झाडाचं मूळ घर पश्चिम आफ्रिकेतली सखल पर्जन्यवनं. वड, पिंपळ, उंबर ही त्याची भावंडं, सगळी फायकस या एकाच गटातली. वडा-पिंपळाचं रोप भिंतीच्या फटीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवलेलं आपण बघतो; फिडल लीफ फिगही रानात अनेकदा तसंच दुसऱ्या झाडावर आयुष्य सुरू करतं. अशा जागी पाऊस आला की मुळं चिंब होतात आणि थोड्याच वेळात पाणी वाहून जातं. चिंब भिजणं त्याला मानवतं, साचलेलं पाणी मानवत नाही.

आता तपासायचं कसं. बोट पाच-सहा सेंटिमीटरच्या खाली जात नाही, आणि ३० सेंटिमीटरच्या कुंडीत खरी गोष्ट त्याखाली घडत असते. रंग किंवा पॉलिश नसलेली बांबूची बारीक काडी घ्या. खोड आणि कुंडीची कड यांच्या बरोबर मधोमध ती तळाला टेकेपर्यंत हळूच खोचा, दहा मिनिटं तशीच ठेवा आणि बाहेर काढा. वरची सात-आठ सेंटिमीटर काडी कोरडी, त्याखाली फिकट ओल, माती जेमतेम चिकटलेली: पाणी देण्याची वेळ झाली. काडी जवळजवळ वरपर्यंत गडद आणि ओली: थांबा, तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. पूर्ण कोरडी: उशीर झालाय, आजच द्या. हीच तपासणी खोडाच्या दुसऱ्या बाजूलाही करा, कारण कुंडी दोन्हीकडून सारखी सुकत नाही. आणि काडीचा वास घ्यायला विसरू नका. निरोगी मातीला पावसानंतरच्या रानासारखा वास येतो. आंबूस किंवा गटारासारखा वास आला, तर तळाशी हवा उरलेली नाही हे नक्की.

लहान कुंडीला साधारण वरची एक चतुर्थांश माती सुकलेली असावी, एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल.

काडीपेक्षा भरवशाचं साधन म्हणजे वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. यात अंदाजाला जागा नाही. भरपूर पाणी देऊन पूर्ण निथळल्यावर कुंडी वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. समजा १६ किलो आला. काडी 'आता पाणी द्या' म्हणेल त्या दिवशी पुन्हा वजन करा. समजा १४ भरलं. पुढच्या वेळी काडी खुपसायची गरज नाही, १४ च्या आसपास आलं की पाणी द्यायचं. झाड वाढेल तसे दोन्ही आकडे सरकतात, म्हणून तीन-चार महिन्यांनी पुन्हा एकदा काडीशी ताडून बघा. काटा नसेल तर कुंडी एका बाजूने किंचित उचलून बघण्याचीही सवय होते, आणि हाताला लवकर समजू लागतं.

ओल मोजायचे स्वस्त मीटर मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. त्यातले बरेचसे मातीतून वीज किती सहज जाते ते मोजतात. खतांचे क्षार साचलेली माती त्यांना जास्त ओली वाटते, आणि पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) किंवा झाडाच्या सालीचे तुकडे असलेल्या भुसभुशीत मिश्रणात टोकाला नीट स्पर्शच मिळत नसल्यामुळे ओली मातीही कोरडी दाखवली जाते.

पाण्याचं प्रमाण मातीच्या मापावरून ठरवा. एका पाळीला मातीच्या सुमारे एक पंचमांश पाणी हा चांगला प्रारंभीचा अंदाज आहे. २० सेंटिमीटरच्या कुंडीत साधारण साडेचार लिटर माती मावते, तिला पाऊण ते एक लिटर. २५ सेंटिमीटरच्या कुंडीला दीड ते दोन लिटर. प्रश्नातल्या ३० सेंटिमीटरच्या कुंडीत पंधराएक लिटर माती असेल, तिला अडीच ते तीन लिटर लागेल. त्यापुढे आठवड्याचे दोन कप म्हणजे जेमतेम अर्धा लिटर! खरी खूण मात्र खालच्या भोकातून मिळते. घातलेल्या पाण्याचा दहावा ते पाचवा हिस्सा खालून बाहेर आला, की पाणी पूर्ण झालं. त्या निथळण्यासोबत खतांचे साचलेले क्षारही धुऊन जातात, म्हणून ते वाया गेलं असं समजू नये.

सगळं पाणी एकदम ओतू नका. एक तृतीयांश पाणी कुंडीच्या कडेने गोल फिरवत, सगळीकडे सारखं पडेल असं घाला. खोडाच्या बुंध्यावर धार धरू नका. पाच-दहा मिनिटं थांबा. मग दुसरा भाग, पुन्हा तेवढंच थांबून तिसरा. कोरडी माती, विशेषतः कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), पाणी लगेच धरत नाही. पहिल्या पाण्याने ते मऊ होतं आणि पुढचं पाणी आत मुरतं. घाईने ओतलेलं पाणी माती आणि कुंडी यांच्यामधल्या फटीतून सरळ खाली येतं आणि भरपूर पाणी दिल्याचा भास होतो. तीन लिटरमधलं दीड लिटर मिनिटभरात ताटलीत उतरलं, तर तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात एक तृतीयांश उंचीपर्यंत बुडवून ठेवा. वरची माती ओलसर दिसू लागली (साधारण ३० ते ४५ मिनिटांत), की बाहेर काढून पूर्ण निथळू द्या.

ताटलीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. कुंडी जड असेल तर स्पंजने टिपून घ्या, पण ठेवू नका. बाहेरून शोभेची कुंडी आणि आत नर्सरीची प्लास्टिकची कुंडी अशी जोडी असेल, तर सगळ्यात जास्त लक्ष तिथेच द्या. बाहेरच्या कुंडीच्या तळाशी साचलेलं पाणी कोणाला दिसत नाही आणि आतली मुळं आठवडाभर त्यात बुडून राहतात. आतली कुंडी बाहेर काढून पाणी द्या, निथळवा, मग परत ठेवा. ज्या कुंडीला तळाला भोकच नाही तिच्यात हे झाड थेट लावू नये. याला अपवाद करू नका.

तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे, आणि ती चुकीची आहे. भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरा. थोडं पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. आडवा असताना ते पाणी आतच अडकून होतं. कुंडीतही निथळणं थांबल्यावर तळाशी काही सेंटिमीटरचा थर चिंबच राहतो, आणि त्याची जाडी मातीच्या पोतावर अवलंबून असते. बारीक मातीत तो जाड, भरड मातीत पातळ. खाली खडी घातली तर तो थर नाहीसा होत नाही, फक्त खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी या झाडाला मानवते ती याचमुळे: चिंब थर तेवढाच, पण त्याच्यावरची वाफशाची माती जास्त. निथळून झाल्यावर खोडाला आधार देऊन कुंडी ४५ अंशात एकदा तिरकी करा, आणखी चांगलं पाव-अर्धा लिटर पाणी बाहेर येईल. खडीपेक्षा हा उपाय कितीतरी कामाचा आहे.

मिश्रणच चुकीचं असेल तर पाण्याची कोणतीही पद्धत झाडाला वाचवत नाही. दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट, एक भाग सालीचे एक-दीड सेंटिमीटरचे तुकडे आणि एक भाग चाळलेलं कंपोस्ट, हे प्रमाण घरातल्या उजेडाला चांगलं जमतं. बागेतली चिकण माती नको. बारीक वाळूही नको, ती पोकळ्या बुजवते.

एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. नर्सरीतून आलेल्या झाडाच्या गड्ड्याच्या मध्यभागी अनेकदा मूळच्या रोपाचा घट्ट पीटचा गोळा तसाच असतो, कधीकधी जाळीच्या कापडात गुंडाळलेला. भोवतालची नवी माती आणि हा गोळा यांचा पोत वेगळा असल्याने पाणी एकातून दुसऱ्यात सहज जात नाही. बाहेरची माती ओली, काडीही ओली, आणि खोडालगतची मुळं मात्र ठणठणीत कोरडी. किंवा नेमकं उलटं: बाहेर कोरडं आणि आत कायम ओलंगच्च. तुमचं सगळं बरोबर असूनही झाड कुरकुरत असेल, तर दुसरी काडी खोडापासून तीन सेंटिमीटरवर घालून बघा. फरक आढळला तर पुढच्या वेळी कुंडी बदलताना तो गोळा बोटांनी हलके मोकळा करा आणि जाळी काढून टाका.

दोन पाळ्यांमध्ये किती दिवस जावेत हे मुख्यतः उजेडावर ठरतं. पान प्रकाशात अन्न तयार करतं तेव्हाच त्याची छिद्रं मोकळी असतात आणि पाणी बाहेर जातं. खिडकीला लागून, भरपूर उजेडात आणि वाढीच्या मोसमात ३० सेंटिमीटरची कुंडी सात ते दहा दिवसांत पाण्यावर येते. तीच कुंडी दोन मीटर आत सरकवली की बारा ते अठरा दिवस लागू शकतात. थंडीच्या अंधाऱ्या दिवसांत तीन आठवडेही होतात. हे आकडे काडी कधी घालायची याचा अंदाज येण्यापुरते वापरा, पाणी देण्याचा वार ठरवायला नको. प्रश्नातलं झाड शक्य असेल तर खिडकीपासून मीटरभर अंतरावर आणा. पाण्याच्या निम्म्या चुका जास्त उजेड पोटात घालतो, कारण ओली माती लवकर वाफशावर येते.

पानांवरचे डाग वाचता आले तर निदान बरंच सोपं होतं. जास्त पाण्याचा डाग गडद, काळपट-तपकिरी असतो, बहुधा खालच्या पानांवर, पानाच्या मधल्या भागात किंवा देठाजवळून सुरू होतो आणि भोवतालचं पान पिवळं पडतं. कमी पाण्याचा डाग फिकट, वाळलेल्या गवताच्या रंगाचा असतो. तो कडेकडून आत येतो, हाताला कुरकुरीत लागतो, पान किंचित वळतं आणि माती कुंडीपासून सुटून फट दिसते. कोवळ्या पानांवर बारीक तांबूस ठिपके म्हणजे पाणी कधी फार कमी, कधी एकदम भरपूर. पेशींत पाणी जास्त भरून त्या फुटलेल्या असतात. पान मोठं झाल्यावर हे ठिपके बरेचसे फिके होतात, त्यांची काळजी नको. फक्त टोकं जळाली असतील आणि मातीवर पांढरा थर असेल, तर क्षार साचलेत. डाग नव्या पानांवरही येत असतील, भोवती पिवळी कड असेल आणि पाणी सुधारूनही ते पसरत असतील, तर जिवाणूंचा रोग समजा, ती पानं काढून टाका आणि उरलेली कोरडी ठेवा.

पानांवर पाण्याचा फवारा मारल्याने खोलीतली आर्द्रता काही मिनिटांपुरतीच वाढते आणि ओल्या पानांवर असे रोग मात्र पसरतात. धूळ पुसायला ओलसर फडकं घ्या. फवारा सोडून द्या.

पाणी खोलीच्या तापमानाचं असावं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं या झाडाला भय नाही. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर मातीवर आणि भोकांभोवती पांढरा थर जमतो. दर दोन-तीन महिन्यांनी नेहमीच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून गड्डा धुऊन घ्या. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातलं सोडियमयुक्त पाणी आणि आरओ यंत्राने बाहेर टाकलेलं पाणी देऊ नका, दोन्हींतले क्षार मुळांना जाचतात. खत नेहमी ओल्या मातीत, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने आणि फक्त झाड नवी पानं काढत असताना.

फायकसच्या बाकीच्या घरगुती झाडांना पद्धत हीच, थांबण्याची हद्द वेगळी. रबर प्लांटची पानं जाड असतात, त्याची अर्धी कुंडी सुकू द्यावी. लहान पानांच्या बेंजामिनाला वरची तीन सेंटिमीटर सुकली की पाणी हवं. कोरडं पडलं की ते पानांचा सडा घालतं, आणि जागा बदलली तरी घालतं, तेव्हा गळती दिसली की आधी जागा हलली होती का ते आठवा. खाण्याचं अंजीर कुंडीत असेल तर पानांवर असताना भरपूर पाणी, आणि थंडीत पानगळ झाल्यावर माती अगदी ठणठणीत होऊ नये इतकंच.

आता प्रश्नातल्या झाडाचं आज काय करायचं. आधी काडी. तळ कोरडा निघाला, तर वर सांगितल्याप्रमाणे टबात ठेवून पूर्ण भिजवा आणि निथळवा. तळ ओला असेल पण वास नसेल, तर पाणी बंद, उजेड वाढवा आणि वरची सात-आठ सेंटिमीटर माती सुकण्याची वाट बघा, मग दोन आठवडे लागोत की तीन. वास येत असेल किंवा वरची पानंही मलूल झाली असतील, तर झाड कुंडीतून काढा. निरोगी मूळ पांढरट ते फिकट तपकिरी आणि घट्ट असतं. कुजलेलं मूळ काळपट, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं की साल निघून येते आणि आत दोरा उरतो. ७० टक्के अल्कोहोलने पुसलेल्या कात्रीने सगळं कुजलेलं घट्ट भागापर्यंत कापा. हातमोजे घाला, या झाडाचा पांढरा चीक कातडीला झोंबतो, आणि मांजर-कुत्र्याला त्याच्या जवळ येऊ देऊ नका. मग उरलेल्या गड्ड्यापेक्षा जेमतेम तीन-चार सेंटिमीटर रुंद कुंडीत, वर दिलेल्या नव्या मिश्रणात लावा, भले ती आधीच्यापेक्षा लहान का असेना. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओली राहते आणि कूज परत येते. एकदा पाणी देऊन निथळवा, नंतर काडी सांगेल तेव्हाच द्या. सहा ते आठ आठवडे खत नाही.

डाग पडलेली पानं पूर्ववत होत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. अर्ध्याहून अधिक हिरवं पान झाडासाठी काम करतच असतं, ते तोडू नका. आधीच्या चुकीमुळे अजून एक-दोन पानं पुढच्या तीन-चार आठवड्यांतही गळतील. त्यावरून घाबरून पुन्हा कपभर पाण्याकडे वळू नका. शेंड्याच्या तपकिरी आवरणातून निघणारं नवं पान स्वच्छ, डागाशिवाय आणि आधीच्या पानाएवढं किंवा त्याहून मोठं उलगडलं, की मुळं पुन्हा कामाला लागली आहेत.